नावं न विचारलेल्या तांडेलांचे आभार

मुंबईहून गोव्याला शिडाची बोट नेताना खरा घोर असतो तो रात्रीच्या मुक्कामाचा. या वाटेवर आगाऊ जागा राखून ठेवावी, धक्क्याला दोर बांधून निवांत झोपावं, असं मरिना प्रकरण नाहीच. खाडी बघायची आणि नांगर टाकायचा. नकाशात खोली दिसते, पण यंदाचा गाळ कुठे सरकलाय हे कळतं ते रोज जा-ये करणाऱ्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या कप्तानालाच.

म्हणून हे आभार. आंजर्ल्याच्या मुखाशी गाळ आहे, भरतीशिवाय शिरू नका, असं बजावणाऱ्या काकांचे. जयगडला बर्फाच्या पावतीमागे पेन्सिलीने खाडी काढून "हितं चिखल हाय, नांगर धरंल" म्हणणाऱ्या तांडेलांचे. अंधारात होडक्यातून पुढे राहून जाळ्यांचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, बॅटरीने दाखवणाऱ्या पोरांचे. ते नसते तर बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलंच असतं, आणि नुकसान दोघांचंही. मालवणच्या खडकांत सूर्य मावळल्यावर घुसू नका, विजयदुर्गालाच थांबा, हा सल्लाही लाखमोलाचा.

डिझेलचे कॅन स्कूटरवरून आणून देणाऱ्या देवगडच्या दादांनी वरचे पैसे घेतले नाहीत. उलट बांगडेच दिले.