‘हिची आई कोण?’ असं विचारणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुमची बदली झाल्याचं मला परवा दवाखान्यात आल्यावर कळलं. छोट्या कालवडीच्या कानातला बिल्ला पडलाय हे सांगायला आले होते, तर तुमच्या खुर्चीत दुसरे साहेब बसलेले. तुमच्याशी समोर बसून बोलायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. मी सांगत गेले, लेकीने टाइप केलं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण शीळ, पडले, खिडकाळी, दातिवली या बाजूला अजून काही जणांच्या दावणीला जनावरं आहेत आणि गाई दिवस भरण्याआधीच गाभ का टाकतात याबद्दल मला जे तीन गाभ गेल्यावर समजलं ते त्यांना आधी समजावं असं वाटतं.

आमचा गोठा सासऱ्यांच्या वेळचा. तेव्हा दारापासून खाडीपर्यंत भातशेती होती, आता तीन बाजूंनी इमारती आहेत आणि चौथ्या बाजूला कचरा. चौदा गाई, त्यातल्या बहुतेक संकरित, दोन गीर. दूध आसपासच्या सोसायट्यांत जातं.

त्या वर्षी श्रावणात चांदणीने गाभ टाकला. पाच महिने उलटून गेले होते. ताप नाही, खाणंपिणं नीट, आदल्या संध्याकाळी धारही नेहमीएवढी. पहाटे झाडायला गेले तर मागच्या नाल्याशी पडलेलं. मोठ्या मांजराएवढं, अंगावर केस नाहीत, कातडी काळपट पडलेली. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मी काहीच म्हणाले नाही. गणपती गेले आणि चांदणीची लेक रोहिणी, पहिलटकरीण, तिनेही टाकलं. तेव्हा मात्र मी गव्हाणीशी बसून रडले. वासरू जातं, पुढचं दूध जातं, हे सगळे जण मोजतात. पण गाय दोन दिवस वळून वळून मागे बघत राहते, ते रोज तिच्या कासेशी बसणाऱ्यालाच दिसतं.

तुम्ही येण्याआधी औषधं विकणारा एक जण आमच्याकडे येऊन गेला होता. गाभ टाकण्यावर लस आहे म्हणाला, सगळ्या गाईंना टोचून गेला, दर जनावरामागे पैसे घेतले. बाटलीवर काय लिहिलंय ते मी बघितलंही नाही. आम्हाला तेव्हा कुणीतरी ‘आता होणार नाही’ एवढं म्हणायला हवं होतं. तो ते म्हणाला.

मग तुम्ही आलात. सुई काढायच्या आधी तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. रोहिणीकडे बघून म्हणालात, “काकू, हिची आई कोण?” आणि दुसरं, “वार कुठे टाकली?” तोवर आम्हाला हे कुणीही विचारलं नव्हतं. वार, म्हणजे वासराभोवतीचं मागाहून पडणारं आवरण, नाल्यापलीकडे टाकली होती आणि ती कुत्र्यांनी ओढून नेली होती. मला ते सांगताना लाज वाटली, पण तुम्ही रागावला नाहीत. वही काढलीत आणि प्रत्येक गाईसमोर तिच्या आईचं नाव लिहायला लावलंत. विकत आणलेल्या गाईंपुढे तुम्ही फक्त एक रेघ मारलीत.

आधी तुम्ही ब्रुसेला हा जंतूंचा रोग तपासलात, कारण गाभडण्याचं ते मोठं कारण आणि ते माणसालाही होतं. त्यात काही निघालं नाही. तुम्ही म्हणालात, पुढे कुणी टाकलं तर कितीही वाजले असोत, मला फोन करा, आणि काहीही धुऊ नका, पुरू नका.

दिवाळीच्या तोंडावर गंगाने टाकलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. शीळफाट्याला ट्रकांची रांग लागलेली, तरी तुम्ही स्कूटरवर आलात. आमच्या ओळखीच्या कोळणीचा थर्माकोलचा खोका आणि बर्फ मागवलात. मी म्हटलं, सकाळपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवू का? तुम्ही म्हणालात, गोठलं तर मेंदू आणि हृदय तपासता येणार नाही, नुसतं गार राहू दे. ते अख्खं अर्भक, वारेचा तुकडा आणि गाईंच्या रक्ताच्या नळ्या घेऊन तुम्ही पहाटे निघालात. चहासुद्धा उभ्यानेच घेतलात.

तपासणी आली त्या दिवशीचं तुमचं बोलणं मला जवळजवळ पाठ आहे. रोगाचं नाव निओस्पोरा. डोळ्यांना न दिसणारा एका पेशीचा परजीवी. तिन्ही गाईंच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या, पण तुम्ही सांगितलंत की रक्तातल्या खुणेवरून गाय कधीतरी त्याच्या तावडीत सापडली एवढंच कळतं, गाभ त्यानेच गेला हे अर्भकाच्या मेंदूवरून ठरतं. म्हणून तो खोका.

मी लगेच विचारलं, “मग लस टोचा ना.”

तुम्ही खाली बसलात आणि म्हणालात, “काकू, याला लस नाही. औषधही नाही.”

डॉक्टर, हे पत्र मी खरं तर या एका वाक्यासाठी लिहिते आहे. तुम्हाला आणखी एखादी बाटली टोचून निघून जाता आलं असतं. मी पैसे दिले असते आणि वर आभारही मानले असते. तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि ते का नाही हे समजावायला पाऊण तास बसलात.

परदेशात मेलेल्या परजीवींपासून केलेली एक लस काही वर्षं विकली गेली, पण तिचा भरवसा येईना आणि ती बाजारातून गेली, असं तुम्ही सांगितलंत. हा परजीवी पेशींच्या आत राहतो, मेंदूत आणि स्नायूंत गाठी करून दडतो. गाय गाभण राहिली की पोटातलं वासरू परकं समजून अंगाने झिडकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती थोडी सैल पडते, आणि हा नेमका तेव्हा उठतो. जिवंत पण दुबळ्या केलेल्या परजीवींची लस प्रयोगात जास्त चालते, पण ती टोचेपर्यंत जिवंत ठेवावी लागते आणि तोच दुबळा परजीवी पुढे गाईच्या अंगात ठाण मांडेल का, ही धास्ती असतेच. शिवाय जी कालवड आईच्या पोटातूनच हा परजीवी घेऊन येते, तिच्यासाठी लस जन्माच्या दिवशी टोचली तरी उशीरच. चांदणी आणि रोहिणीचं कोडं मला तिथे सुटलं. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. वासरू दिसायला धडधाकट, आणि आत हे.

गंगा मात्र बाजारातून आणलेली, वहीत तिच्यापुढे रेघ. तिला एकतर आईकडून आला असेल नाहीतर आमच्याच दारात कुत्र्यांकडून. कुत्रं वार किंवा कच्चं मांस खातं, त्याच्या पोटात परजीवी वाढतो, विष्ठेतून अंडी पडतात आणि ती चाऱ्यापाण्यातून गाईच्या पोटात जातात. गाईकडून शेजारच्या गाईला थेट लागत नाही. नॉर्वेत 1984 साली मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांत हा पहिल्यांदा दिसला, 1988 साली त्याला नाव मिळालं आणि ते देणाऱ्यांत पुढे होते भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ जे. पी. दुबे. कुत्र्याचा यातला वाटा सिद्ध व्हायला 1998 साल उजाडलं. हे तुम्ही मला का सांगताय असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, जगातल्या शिकलेल्या माणसांनाही दहा वर्षं लागली हे ऐकून माझी लाज थोडी कमी व्हावी म्हणून सांगितलं असावं.

यांनी त्याच संध्याकाळी काठी घेतली होती. आमचा मोती तेव्हा नऊ वर्षांचा. तुम्ही यांना थांबवलंत. कुत्र्याकडून ही अंडी बहुतेक वेळा लागण झाल्यानंतरचे थोडेच दिवस पडतात, मोतीला हाकललं तर त्याच्या जागी रस्त्यावरची चार येतील, त्यापेक्षा त्याला शिजवलेलं घाला आणि गव्हाणीत चढू देऊ नका, असं म्हणालात. मोती आजही दारात आहे. तुम्ही आलात की उठून शेपटी हलवायचा, ते त्याला कळत असावं असं मी म्हणते आणि घरचे हसतात.

पुढची कामं कष्टाची होती, पण अवघड नव्हती. पेंडीच्या खोलीला दार लावलं. पाण्याच्या हौदावर पत्रा आला. नाल्याच्या बाजूने जाळी. वार पडली की हातमोजे घालून उचलायची, चुना टाकून खोल पुरायची आणि वर दगड ठेवायचे. नवीन गाय रक्त तपासल्याशिवाय दावणीला बांधायची नाही. चांदणीच्या वंशातली कालवड पुढच्या वेतासाठी ठेवायची नाही. हे शेवटचं मला जड गेलं. चांदणीला घ्यायला एक व्यापारी तयारही होता. तुम्ही म्हणालात, विका, पण घेणाऱ्याला सांगून विका. सांगितल्यावर तो आला नाही. चांदणी आमच्याकडेच आहे. त्यानंतर तिने एक वेत पूर्ण केलं, कारण लागण झालेली गाय दर वेळी टाकतेच असं नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं.

सोसायटीतल्या बायकांनी दूध बंद करायचं ठरवलं तेव्हा तुम्ही स्वतः येऊन बोललात. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, आणि दूध उकळून पिणं हे तसंही सगळ्यांनी करावंच. सातजणी परत आल्या.

आणि हो, लस तुम्ही टोचलीत. आमच्या तीन कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच, ब्रुसेलाची, 2019 पासून चाललेल्या सरकारी मोहिमेतली. तुम्ही चष्मा आणि हातमोजे घातलेत, मला लांब उभं केलंत, कारण ती लस जिवंत जंतूंची असते आणि सुई माणसाला लागली तर दुखणं होतं. टोचून झाल्यावर म्हणालात, “काकू, ही ब्रुसेलाची आहे. निओस्पोरावर हिचा उपयोग नाही. उद्या कुणी गाभडली तर लस टोचली होती म्हणून गप्प बसू नका, फोन करा.” तेव्हा मला बाटलीवरचं नाव वाचून दाखवलंत. आता मी प्रत्येक बाटलीवरचं नाव वाचायला लावते, डॉक्टर कुणीही असो.

त्या दिवाळीनंतर दोन पावसाळे झाले. गोठ्यात एकीनेही गाभ टाकलेला नाही. पुढे टाकणारच नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हीही कधी म्हणाला नाहीत.

तपासून आणलेली ती पांढऱ्या पायांची गाय गेल्या मंगळवारी व्यायली. कालवड झाली. वहीत तिच्यापुढे आईचं नाव लिहिलं आहे, रेघ नाही. चिकाचा खरवस केला तेव्हा एक डबा तुमच्या नावाने बाजूला ठेवला आणि यांना दवाखान्यात पाठवायच्या आतच कळलं की तुम्ही आता तिथे नाही. पुढच्या महिन्यात गीर विणार आहे. नवीन गावचा पत्ता कळवा, मुलगा गाडीने आणून देईल.

तुमची,
शीळच्या गोठ्यातली काकू