ग्रिड संहितेची तपासणी रिलेपाशी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठा वीजबिघाड झाला की आपली सारी चर्चा मनोरे, वाहिन्या आणि महावितरण यांच्याभोवती फिरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये पहाटेच्या धुक्यात लोणीकंद व चाकणच्या अतिउच्चदाब वाहिन्या बंद पडून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग विजेविना राहिला, तेव्हा दोष वाहिन्यांचाच असल्याने ती चर्चा योग्यही होती. परंतु ग्रिड, म्हणजे वीज केंद्रे व वाहिन्यांचे एकत्रित जाळे, सावरण्याची मोठी जबाबदारी वीज निर्माण करणाऱ्यांवर असते आणि ती ते कशी पार पाडतात, हे ग्राहकाला कधीच कळत नाही. वीज केंद्रांमधील रिले (बिघाड जाणवताच जोडणी तोडायला लावणारी उपकरणे) आणि इतर संरक्षण यंत्रणांच्या चाचण्यांचे काम अनेक वर्षे केलेला एक अभियंता म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

केंद्रीय विद्युत नियामक आयोगाची नवी भारतीय वीज ग्रिड संहिता १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. विजेची मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ग्रिडची वारंवारता, म्हणजे प्रवाहाच्या दर सेकंदाच्या आवर्तनांची संख्या, घसरते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवावयाची असून, घसरू लागताच २०० मेगावॉट व त्याहून मोठ्या कोळसा संचांच्या गव्हर्नरने (टर्बाइनचा वेग राखणाऱ्या नियंत्रकाने) आपणहून उत्पादन वाढवावे, ४५ सेकंदांत ती वाढ पूर्ण करावी आणि पुढे किमान पाच मिनिटे टिकवावी, अशी त्यात अपेक्षा आहे. यासाठी टर्बाइनच्या झडपा आधीपासूनच पूर्ण उघडून संच चालविण्यास मनाई आहे, कारण तसे केल्यास ऐन वेळी वाढविण्यास काही उरतच नाही. याखेरीज राज्य वीज नियामक आयोगाची २०२० ची राज्य ग्रिड संहिता, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची जोडणीविषयक मानके आणि दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांचे वेळापत्रक मोडल्यास होणारा आर्थिक हिशेब, हे सारे केंद्रचालकाला एकाच वेळी सांभाळावे लागते. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या मोठ्या केंद्रांकडे त्यासाठी मनुष्यबळ असते. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर या पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती (उसाच्या चिपाडावर वीज बनविणाऱ्या) प्रकल्पांत मात्र हा भार बहुधा एकाच विद्युत अभियंत्यावर येतो, आणि ऊस टाकायच्या गव्हाणीची मोटर जळाली तरी धावायचे त्यालाच असते.

अशाच एका कारखान्यात पाहिलेली गोष्ट सांगतो. जनित्राला ग्रिडपासून तोडणारा कमी वारंवारतेचा रिले ४९ हर्ट्झवर लावलेला होता. प्राधिकरणाच्या मानकांनुसार जनित्र ४७.५ ते ५२ हर्ट्झपर्यंत चालू राहण्यास सक्षम असले पाहिजे. शिवाय वारंवारता घसरल्यावर ग्राहकांचा भार आपोआप तोडणारे टप्पे ४९.४, ४९.२, ४९.० आणि ४८.८ हर्ट्झ असे आहेत. म्हणजे ग्रिड वाचविण्यासाठी आपल्यासारख्यांची वीज टप्प्याटप्प्याने तोडली जात असताना, शेवटचा टप्पा येण्याआधीच हे जनित्र काढता पाय घेणार होते. हे सेटिंग प्रकल्प उभारताना पुरवठादाराच्या माणसाने केलेले आणि नंतर कोणीही न पाहिलेले. वार्षिक अहवालात मात्र ‘रिले चाचणी समाधानकारक’ असा शेरा होता, आणि तो खोटा नव्हता: रिले ४९ हर्ट्झला चोख ट्रिप होत होता. ते ४९ बरोबर आहेत का, हा प्रश्न नमुन्यात नव्हता.

कारखान्याच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. गाळप ऐन भरात असताना ग्रिडसोबत टर्बाइनही बसली, तर गिरण्या थांबतात आणि रस खराब होऊ लागतो. म्हणून वेळेत ग्रिडपासून सुटून स्वतःपुरते चालू राहावे, ही चालकाची इच्छा रास्त आहे. मात्र नेमक्या कोणत्या वारंवारतेला आणि किती विलंबाने सुटायचे, हे कारखाना, महापारेषण ही राज्याची वीज वहन कंपनी आणि राज्याच्या ग्रिडचे संतुलन सांभाळणारे ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र यांनी एकत्र बसून ठरवून लेखी नोंदवायला हवे. केंद्रीय संहितेने २२० केव्ही (किलोव्होल्ट) व त्यावरील दाबाच्या यंत्रणेसाठी दर वर्षी अंतर्गत आणि पाच वर्षांतून एकदा त्रयस्थ संस्थेकडून संरक्षण-तपासणी सांगितली आहे. साखर कारखाने सहसा त्याखालच्या दाबाला जोडलेले असल्याने या चाळणीतून निसटतात.

एवढ्याशा जनित्रांनी काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे उत्तरेचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही ग्रिड कोसळली, तेव्हा सुमारे ६२ कोटी लोकसंख्येच्या प्रदेशाला फटका बसला. प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील चौकशी समितीने त्यानंतर जनित्रांचा प्राथमिक प्रतिसाद (वारंवारता घसरताच आपणहून उत्पादन वाढविणे) आणि कमी वारंवारतेचे रिले प्रत्यक्ष कामात असण्यावर भर दिला होता. आपले पश्चिम ग्रिड त्या वेळी बचावले. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले, आणि तेव्हापासून सारा देश एकाच वारंवारतेवर चालतो. शिवाय गळीत हंगामात हे कारखाने एकाच वेळी चालू असतात. सेटिंग एकाच साच्यातील असतील, तर ते बाहेरही एकाच क्षणी पडतील.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ३३ नुसार राज्य भार प्रेषण केंद्राचे निर्देश न पाळणाऱ्यास जास्तीत जास्त पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. मोठ्या केंद्राला ही रक्कम किरकोळ आहे आणि लहान कारखाना ती भरून मोकळा होईल. अमेरिकेत ऑगस्ट २००३ च्या बिघाडाआधी ग्रिडची मानके ऐच्छिक होती. २००५ मध्ये कायदा झाला आणि जून २००७ पासून ती बंधनकारक होऊन जबर दंडाची तरतूद आली. तितका दंड आपल्याकडे असावा, असे माझे म्हणणे नाही. दंड वाढला की कागद वाढतात, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. त्याऐवजी वारंवारता ठळकपणे घसरल्याच्या प्रत्येक घटनेनंतर राज्यातील कोणत्या संचाने किती प्रतिसाद देणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती दिला, याचा साधा तक्ता राज्य भार प्रेषण केंद्राने मराठीत सर्वांसाठी प्रसिद्ध करावा. मोजमाप तेथे होतेच.

लहान प्रकल्पांच्या रिलेंची सेटिंग आणि बिघाडाच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रांची घड्याळे एकदा प्रत्यक्ष जागेवर तपासली जावीत. घड्याळांचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण उपकेंद्राचे आणि कारखान्याचे घड्याळ जुळत नसेल, तर जोडणी तोडणारा कोणता ब्रेकर आधी उघडला हे बिघाडानंतर सांगता येत नाही आणि चौकशी एकमेकांकडे बोट दाखविण्यात संपते. या कामासाठी प्रत्येक कारखान्याने महागडा चाचणी संच विकत घेण्याचे कारण नाही. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने महापारेषणच्या चाचणी विभागाच्या साहाय्याने एक फिरते पथक आणि विद्युत अभियंत्यांसाठी छोटा अभ्यासवर्ग सुरू केल्यास जिल्ह्याजिल्ह्यातील प्रकल्प तपासून होतील. कारखाने बंद असतात त्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या महिन्यांतच हे काम करता येते. बॉयलर पेटल्यानंतर रिलेला हात लावू देण्यास कोणताही कार्यकारी संचालक तयार होत नाही.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता,
कोथरूड, पुणे