गादीवाफा संक्रांतीच्या आत भरून ठेवावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या नव्या लेआउटमध्ये घरामागे दहा-बारा फुटांची मोकळी जागा बहुतेकांकडे असते आणि तिथे घरची भाजी लावावी, असे पुष्कळांना मनापासून वाटते. मात्र ही इच्छा बहुधा फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी सरल्यावर, जागी होते. मग दोन दिवसांत विटा रचून, माती ओतून लगेच बी टोकले जाते आणि मे महिन्यात सारे करपले की बियाण्याला दोष दिला जातो. माझ्या अनुभवाने दोष बियाण्याचा नसतो. वाफ्याला मुरायला वेळच मिळालेला नसतो. उन्हाळी भाज्यांचा गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उचललेला वाफा, मकरसंक्रांतीच्या आत भरून तयार असावा, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या काळ्या मातीचा कास्तकाराला अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. पण कापसाला आणि तुरीला मानवणारी ही माती परसातल्या नाजूक मुळांना जड जाते, कारण तिच्यातला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो. गेल्या मे महिन्यात आमच्या अंगणातल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत सहज गेला होता. जुलैत त्याच जागी दोन दिवस पाणी तुंबून राहिले आणि मिरचीची रोपे उभ्या उभ्या मान टाकून गेली. जमिनीपासून उचललेला वाफा हवा तो एवढ्यासाठी. शिवाय लेआउट पाडताना टाकलेला मुरूम आणि बांधकामाचा मलबा अनेक ठिकाणी वीतभर खाली तसाच असतो. म्हणून आधी मूठभर माती काचेच्या बाटलीत पाण्यात घुसळून रात्रभर ठेवावी: वाळू लगेच तळाशी बसते, चिकणमातीचे पाणी मात्र सकाळीही गढूळ असते. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून फेस आला, तर चुनखडी भरपूर आहे असे समजावे. अशा मातीत झाडाला लोह मिळेनासे होते आणि कोवळ्या पानांवर केवडा पडतो, म्हणजे ती पिवळी पडतात. तिथे शेणखताचा हात सढळ ठेवावा लागतो.

गेल्या वर्षी मी स्वतः सगळी घाई केली. लाल माती म्हणून विकत घेतलेल्या ट्रॉलीत निम्मा मुरूम आणि विटांचे तुकडे निघाले; शेण ओलेच होते, तरी ते मी तसेच मिसळले. महिनाभरात वाफा चार बोटे खचला, काठावरचे बी उघडे पडले आणि खुरपे घातले, तर इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी हुमणी अळी हाताला लागली. कच्च्या शेणात हुमणी पोसली जाते, अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्याला उदई (वाळवी) लागते, आणि तो कचरा कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो, त्यामुळे रोपे पिवळी पडतात. हे तिन्ही मी एकाच हंगामात पाहिले.

यंदा काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केले. वाफा आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि फूटभर उंच आहे. चार फुटांपेक्षा रुंद केला, तर दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचत नाही आणि मग वाफ्यात पाय द्यावा लागतो. खालची जमीन टिकासाने वीतभर खणून सिमेंटचे खडे वेचून काढले, म्हणजे मुळांना खाली वाट राहते. वर ३२ घनफूट भरणी लागली: निम्मी चाळलेली माती, साधारण तिसरा भाग पूर्ण मुरलेले शेणखत व गांडूळखत, आणि उरलेला कुजलेला पाला. मुरलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसातल्या मातीचा येतो. विकत घेताना एवढी एक खूण पुरते. भरणीनंतर भरपूर पाणी दिले. वाफा तीन बोटे बसला, तो पुन्हा भरला. तण उगवले, तेही उपटून झाले. फेब्रुवारीत सुरुवात करणाऱ्याला हे तीन-चार आठवडे कुठून मिळणार? (गच्चीवर असा वाफा करायचा विचार असेल, तर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या घरात जाते, हे ध्यानात घेऊन आधी अभियंत्याला विचारावे.)

कमरेएवढ्या उंच वाफ्यांची छायाचित्रे पाहून हुरळून जाऊ नये. थंड देशांत उंच वाफ्याची माती वसंतात लवकर तापते, हा तिथे फायदा असतो; पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या नागपुरात तोच तोटा ठरतो. इथे फूटभर उंची पुरे. कडेला पत्रा लावू नये, मातीवर तणसाचा किंवा वाळल्या पाल्याचा चार बोटे जाड थर असावा आणि पश्चिमेला दोडक्याचा मांडव, म्हणजे दुपारचे ऊन अडते. भेंडी, काकडी, बरबटी (चवळी) यांचे बी गार मातीत रुजत नाही. ते जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावावे. तोवर रिकाम्या वाफ्यात मेथी आणि सांभार (कोथिंबीर) सहज निघतो.

एक गोष्ट मात्र मन अस्वस्थ करते. सागाची पानगळ सुरू झाली आहे, पुढे कडुनिंब आणि पिंपळही झडतील, आणि हा सारा पाला सकाळी सकाळी रस्त्याच्या कडेला पेटवला जाईल. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभर मनाई केली आहे. हाच पाला पोत्यात दाबून, पाणी शिंपडून सावलीत ठेवला, तर पुढच्या डिसेंबरपर्यंत त्याचे काळे भुसभुशीत खत होते. माझ्याकडे अशी अकरा पोती झाली आहेत. कोपऱ्यावरच्या शेजाऱ्यांनीही आता काडी लावणे थांबवले आहे.

१९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय आणि मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्यूरोचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. या संस्थांनी दर डिसेंबरमध्ये एका रविवारी महाराजबागेत गादीवाफा भरण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे, नागरिकांनी आपापल्या अंगणातली माती बाटलीत भरून तिथे आणावी आणि आपल्या वृत्तपत्राने त्याची सूचना आठवडाभर आधी छापावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर