लव्हाळा ओळखायला शिकवणाऱ्या मावशींना

मावशी,

समोर बोलायला आले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि ते उघडं ठेवतेय. लव्हाळ्याने बेजार झालेल्या आणखी कुणाच्या हाती लागलं तर बरंच.

दोन वर्षं मी हिरवळीवर बसून ते 'गवत' उपटत होते. लॉन कापलं की दोन-तीन दिवसांत त्याची गडद, चकचकीत पाती सगळ्यांच्या वर डोकं काढायची. ओढलं की लगेच हातात यायचं आणि थोड्याच दिवसांत तिथेच दोन-तीन नवे कोंब दिसायचे. मला वाटायचं, माझाच हात कमी पडतोय.

त्या संध्याकाळी तुम्ही कुंपणाशी थांबलात. तांबूस तुरा आलेली एक काडी तोडून माझ्या बोटांत दिलीत आणि म्हणालात, "फिरवून बघ." बोटांना तीन कडा लागल्या. "गवताची काडी गोल नाहीतर चपटी असते. ही तिकोनी आहे. हे गवत नव्हेच, लव्हाळा आहे." रोपवाटिकेत उभा जन्म काढलेल्या माणसाची नजर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मग तुम्ही खुरप्याने वीतभर माती उकरलीत. खाली काळपट गाठी होत्या, दोऱ्यात ओवाव्यात तशा एकीला एक जोडलेल्या. एक गाठ चिरडून वास घ्यायला लावलात. वैद्य जिला मुस्ता म्हणतात ती हीच, हे सांगताना तुमच्या आवाजात त्या वनस्पतीबद्दलही माया होती, ती मला फार आवडली. पण खरा उलगडा पुढच्या वाक्यात होता: माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या बऱ्याचशा दबून असतात, वरून ओढून आपण माळ तोडतो आणि त्या एकेकीला जाग आणतो. माझ्या दोन वर्षांच्या कष्टाचं गणित असं एका दमात सुटलं.

ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली मी तोवर आणून ठेवली होती. त्याने लव्हाळ्याबरोबर लॉनही जळेल, आणि रुंद पानांच्या तणांवरची औषधं लव्हाळ्याला फारशी लागू पडत नाहीत, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. लेक नुकती त्याच हिरवळीवर रांगायला लागली होती. तिथे काही फवारावं लागलं नाही, यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

पुढचं काम तुमच्याच पद्धतीने झालं. सर्वांत दाट तुकडा आधी घेतला. माती ओलसर करून वीतभरापेक्षा थोडं खोल खणलं, चाळणीने चाळलं, गाठी वेचल्या. त्या खतात टाकू नको, तिथे पुन्हा फुटतील, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मी त्या कडक उन्हात पसरून पार वाळवल्या. आणि उरलेल्यांसाठी तुमचा तो नियम: कोंबाला पाच-सहा पानं येण्याआधी काढायचं. तोवर तो गाठीतला साठा खात असतो, त्यानंतर नव्या गाठी धरू लागतो. दर आठवड्याला हिरवळीवरून एक फेरी, हातात खुरपं. रोज शिंपडणं बंद करून क्वचित पण भरपूर पाणी. लॉन थोडं उंच राखलं, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही.

पहिले काही महिने काहीच फरक दिसेना. मी रडकुंडीला येऊन तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही धीराचे शब्द न बोलता नुसत्या माझ्याबरोबर येऊन बसलात आणि तासभर गाठी वेचल्यात. गुडघे दुखत असताना. ते मी विसरणार नाही.

आता एका फेरीत तीन-चार कोंब मिळतात, कधी एकही नाही. काल कुंपणालगत एक सापडला, तीन पानांचा. गाठीसकट निघाला, पण दोरा तुटला आणि त्याचं उरलेलं टोक तुमच्या अंगणाच्या बाजूला गेलंय. रविवारी सकाळी खुरपं आणि चाळण घेऊन येते. तुम्ही खुर्चीवर बसून फक्त दाखवा, खणायचं मी बघते.

तुमची,
शेजारची लेक