घरात काय आहे, हे आधी विचारणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमची सेवा आता दुसऱ्या तालुक्यात लागली. आभाराचा कार्यक्रम झाला, शाल-नारळ झालं, फोटोही निघाले. पण काम गेलेल्या घरी जाऊन तुम्ही नेमकं काय करत होता हे त्या भाषणांत कोणी सांगितलं नाही. म्हणून हे उघडं पत्र. शेजारच्या ख्रिस्ती मंडळ्यांनीही ते वाचावं, म्हणजे तुमची पद्धत तुमच्याबरोबर गाव सोडून जाणार नाही.

आपल्या भागात काम जातं तेव्हा ते घरातल्या एकट्याचं जात नाही. पऱ्हाटीवर बोंडअळी आली, जशी २०१७ साली गुलाबी अळी आली होती, की वेचणी कमी होते आणि बाईची मजुरी बुडते. कापूस कमी आला की जिनिंग लवकर बंद पडतं आणि तिथला हंगामी मजूर घरी बसतो. कारण एक, पण नवराबायकोची दोघांची कमाई जाते. तेवढ्यात किराणावाला वही पुढे करतो, गटाचा हप्ता येतो, पोरीच्या परीक्षेची फी येते. अशा घरी जाऊन एक वचन वाचायचं, डोक्यावर हात ठेवायचा, चहा पिऊन उठायचं, हे करणारे पुष्कळ आहेत. चहाची साखर शेजारून मागून आणलेली असते, हे त्यांना कळतही नाही.

तुम्ही मात्र पवित्र शास्त्रातल्या २ राजे ४ मधून सुरुवात करत होता. विधवेच्या दारात सावकार उभा आहे, तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला. अलीशा संदेष्टा तिला आधी विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, तेलाच्या एका कुपीशिवाय काही नाही. पुढचा चमत्कार सगळ्यांना पाठ असतो. पण दोन बारक्या गोष्टी तुम्ही बोट ठेवून दाखवल्या. पहिली, दार लावून घ्यायचं. दुसरी, शेवटची आज्ञा: तेल वीक, देणं फेड, उरलेल्यावर तू आणि तुझी मुलं जगा. म्हणजे घराचा हिशोब लोकांपुढे मांडायचा नाही, आणि देवाच्या माणसाला देण्याघेण्याचं बोलायची लाज वाटायला नको.

तुमची वही आमच्याजवळ आहे. एका पानाचे दोन भाग. डावीकडे ‘आहे’: रेशनचं धान्य किती, तेल किती, कोंबड्या, शिलाई मशीन, कोणाकडून येणं बाकी आहे ते. उजवीकडे ‘देणं’: कोणाला, किती, कधीपर्यंत, व्याज किती. नवराबायको दोघं हजर असल्याशिवाय तुम्ही पेन उघडत नव्हता. त्याचं कारण आम्हाला आता कळतं. प्रत्येक घरात एक तरी उधारी दुसऱ्यापासून लपवलेली असते, आणि ती पुढे निघाली की आधी केलेला सगळा हिशोब वाया जातो.

मग देण्याचा क्रम. आधी खाणं आणि रोजची औषधं, विशेषतः साखर-बीपीच्या गोळ्या. त्यानंतर शाळा आणि लाईट बिल. मग हप्ते. भीती ज्याची जास्त त्याला आपण आधी देतो. म्हणूनच घरात गोळ्या संपलेल्या असतात आणि वसुलीवाल्याचे पैसे मात्र वेळेवर जातात. सूक्ष्म कर्जाबाबत, म्हणजे गटातून मिळणाऱ्या छोट्या कर्जाबाबत, रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम तुम्ही अनेकांना समजावून सांगितले. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. वसुली ठरलेल्या जागीच करायची, आणि कर्जदार लागोपाठ दोनदा तिथे आला नाही तरच घरी यायचं. म्हणून पैसे नसले तरी गटाच्या वसुलीच्या मीटिंगला जायचं, हा तुमचा आग्रह. लाजेनं दोन मीटिंगा चुकवल्या की घरी येण्याचा हक्क आपणच त्यांना देतो. आणि बिनपरवाना सावकार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करता येते.

कामासाठी प्रार्थना करताना तुम्ही कागदही करायला लावत होता. रोजगार हमीचं काम तोंडी मागितलं तर हातात पुरावा राहत नाही. अर्ज लेखी, त्यावर तारीख, आणि तारखेची पोच हातात. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागता येतो, पण पोच नसेल तर ते १५ दिवस कधीपासून मोजायचे? हा हक्क महाराष्ट्रानं १९७७ साली कायद्यात लिहिला. त्यामुळे अर्ज देताना हात जोडायची गरज नाही, एवढं तुम्ही प्रत्येकाला सांगून पाठवलं.

मुठीच्या धान्याचं सविस्तर लिहितो, कारण त्यात चुका फार होतात. मिझोरामच्या मंडळ्यांतल्या बाया सैपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात. तीच रीत तुम्ही इथे लावली. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरली आणि दोन वेळा काढली, तर महिन्याला एका घरातून ३ किलो निघतं. दहा घरांचं ३० किलो. पण ज्वारी, तांदूळ, तूर एकाच डब्यात पडली तर ते धान्य ना शिजवता येतं ना दळता येतं. म्हणून प्रत्येक घरानं एकच धान्य काढायचं. डबा कोरडा हवा, कडुनिंबाची पानं वाळवून टाकायची, आणि महिना झाला की रिकामा करायचाच, नाहीतर पावसाळ्यात सोंडे होतात. जास्त जमलेली ज्वारी-तांदूळ किराण्यात देऊन डाळ-तेल घ्यायचं. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे पाच जणांच्या घरात २५ किलो येतंच. अशा घरी आणखी तांदूळ नेऊन काय उपयोग? अडतं ते तेला-डाळीवाचून. अडलेल्या घरी द्यायची तुमची पिशवी ठरलेली होती: तूरडाळ ३ किलो, तेल २ लिटर, मीठ, तिखट, गूळ, अंगाचा आणि कपड्याचा साबण. साबण विसरायचा नाही. पोरांचे कपडे मळके राहिले की ती आधी शाळेत जायचं सोडतात.

वाटप पाळकसाहेबांच्या हातून नको, हेही तुम्ही ठरवून दिलं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष झालं, तेव्हा प्रेषितांनी ते काम सात जणांवर सोपवलं. जो उपदेश करतो त्याच्याच हातून पिशवी मिळाली, तर रविवारी गैरहजर राहायला माणूस घाबरतो. पिशवी घेणाऱ्याला भक्तीला ये असं एकदाही म्हणायचं नाही, ही अट तुम्ही आम्हाला घातली. घर ख्रिस्ती असो, बौद्ध असो की हिंदू, पानावर नाव लिहिताना धर्म लिहायचा नाही. काही वडीलजनांना ते रुचलं नव्हतं. आता तेच नव्यांना सांगतात, की धान्याच्या बदल्यात माणूस मागणं हा सुवार्तेचा अपमान आहे.

आता प्रार्थनेचं. बसल्या बसल्या रोमकरांस ८:२८, म्हणजे देवावर प्रीती करणाऱ्यांचं सगळं मिळून भलंच होतं हे वचन, ऐकवायचं नाही, हा तुमचा नियम. ते वचन खरं आहे, पण ते त्या घरानं एक दिवस आपल्या तोंडून म्हणावं, पाहुण्यानं त्यांच्यावर फेकू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. तुम्ही आधी स्तोत्र १३ द्यायचा. सहाच ओव्या, आणि पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा ‘कोठवर’. ज्याचं काम गेलं त्यानंच मोठ्यानं वाचायचं. देवाला ‘कोठवर’ विचारलं तर पाप लागेल या भीतीनं गप्प बसलेला माणूस तिथे पहिल्यांदा मोकळं बोलतो. आणखी खोल गेलेल्यासाठी स्तोत्र ८८, जे अंधारातच संपतं. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे, एवढं कळणंही त्या माणसाला धीर देऊन जातं.

घरची प्रार्थना संध्याकाळी जेवणाआधी, १५ मिनिटांच्या वर नाही. एक भजन, एक स्तोत्र, प्रत्येकाचं एक मागणं, शेवटी प्रभूची प्रार्थना. पोरांसमोर ‘बाबाला काम लागू दे’ हे रोज म्हणायचं नाही, कारण बापाला ते टोमण्यासारखं लागतं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ यात काम येतंच. मंडळीत विषय मांडण्याआधीही तुम्ही घरच्यांना विचारत होता, काय सांगू आणि काय नको. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट सोमवारी पाणपोईवर ऐकू येते, हे आपल्या मंडळीला सांगायला नको!

उपासाबद्दल तुम्ही कडक होता. ज्या घरात आधीच एक वेळ चूल पेटते, तिथे उपास-प्रार्थना लावायची नाही. गरोदर बाई, साखरेचा रोगी, लहान लेकरं यांना तर नाहीच. यशया ५८ मधला उपास म्हणजे आपली भाकर भुकेल्याला वाटणं. तो उपास पोट भरलेल्यांनी धरावा. दशांशाचंही तसंच. कमाई शून्य तर दहावा भाग शून्य. व्याजानं काढून दान टाकू नका. विधवेनं दान टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे बारक्या नाण्यांची, गोष्ट मार्क १२:४१ पासून सुरू होते, पण त्याच्या अगदी आधीची ओवी विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल आहे, ती तुम्ही आधी वाचायला लावली. ‘बी पेरा, नोकरी लागेल’ म्हणत पैसे मागणाऱ्या फिरत्या उपदेशकांना आपल्या मंडळीत पाय ठेवता आला नाही, तो यामुळेच.

रोजीच्या कामासाठी सकाळी ठिय्यावर उभं राहणाऱ्यांसाठी तुम्ही मत्तय २० निवडलं. दहाच्या पुढे ठेकेदार येत नाही, आणि उरलेल्यांना लोक आळशी म्हणतात. दाखल्यातले अकराव्या ताशीचे मजूर, म्हणजे संध्याकाळी पाचचे, मालकाला सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. मालक ते खोटं मानत नाही. आणि मजुरी देतो ती पूर्ण दिवसाची, एक दिनार. घराच्या चुलीला पूर्ण दिवसाचीच लागते ना! ‘काम करायचं नसेल त्यानं खाऊ नये’ हे थेस्सलनीकरांचं वचन काम शोधून थकलेल्याला सुनावणाऱ्यांना तुम्ही तिथल्या तिथे अडवलं. आपलं देऊळ, म्हणजे चर्च, रंगवायचं निघालं तेव्हा बेकार माणसाला ‘सेवा म्हणून कर’ म्हणू दिलं नाही. रोजी चालू दरानं, दुरुस्तीच्या फंडातून. लूक १०:७, मजूर मजुरीला पात्र आहे.

शेवटची गोष्ट लिहावी की नको यावर आमच्यात बोलणं झालं, पण ती सगळ्यात जास्त कामाची आहे. माणूस जेवण सोडतो, झोपत नाही, ‘माझ्यामागं तुमचं बरं होईल’ असं काही बोलतो, तेव्हा तुम्ही घरच्यांना सरळ विचारत होता, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय? गोठ्यात, आडोशाला, जिथे असेल तिथून ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात. त्याला एकटं सोडायचं नाही, १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन लावून द्यायचा, आणि सरकारी दवाखान्यात सोबत जायचं. प्रार्थना चालूच, पण गोळी बंद नाही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर.

नोकरी लागेलच, असं वचन तुम्ही कोणाला दिलं नाही. काहींना लागली, काहींना अजून नाही. तरी ती घरं संध्याकाळी प्रार्थनेला बसतात, मीटिंगला जातात, पानावरची एकेक उधारी खोडतात. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

एक विनंती. नवीन खजिनदारबाई सोयाबीन सोंगणीनंतर काम हाती घेतील. गटाचा हप्ता आणि शाळेची फी एकाच आठवड्यात आली तर काय करायचं, हे तुम्ही पेन्सिलनं मागच्या पानावर लिहिलं होतं. ते पुसट झालंय. जमलं तर पुन्हा लिहून पाठवा, या वेळी पेननं.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीतील आणि मंडळीबाहेरील कुटुंबं