टाके निघाल्यानंतरचे महिने

चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. सूज, टाके यांची माहिती नीट आली आहे; ‘दोन-तीन आठवड्यांत सारे पूर्ववत’ हे विधान मात्र खटकले. नस दुखावली असेल तर हा हिशेब चालत नाही. फेसलिफ्टमध्ये, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा ताणून बसवण्याच्या शस्त्रक्रियेत, सर्वाधिक इजा होते ती कानाच्या पाळीला संवेदना देणाऱ्या नसेला. माझ्या थोरल्या बहिणीला या शस्त्रक्रियेनंतर कितीतरी महिने कानात डूल आहे की पडले, हे बोटांनी चाचपून पाहावे लागे. शिवाय खालच्या ओठाची एक बाजू हलत नव्हती. चहा पिताना ती हनुवटीखाली रुमाल धरायची आणि पाहुणे आले की आत जायची.

तुटलेल्या नसेचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. नस नुसती ताणली गेली असेल तर हालचाल बहुधा परत येते, पण त्यालाही काही आठवडे ते काही महिने लागतात. मधल्या काळात येणाऱ्या मुंग्या अनेकदा संवेदना परतण्याची खूण असतात, एवढे कोणी आधी सांगितले असते तर बहिणीच्या कित्येक रात्री रडण्यात गेल्या नसत्या. डोळा पूर्ण मिटत नसेल तर मात्र वाट पाहू नये; बुबुळ कोरडे पडून जखम होऊ शकते, म्हणून लगेच डॉक्टरांना दाखवावे. ही माहिती रुग्णाला संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, त्याच्या भाषेत मिळायला हवी. आपण यावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक