आनासागरच्या काठावरची बारादरी

पुणे, 14 डिसेंबर 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात अजमेरहून परतलो आणि तेव्हापासून आनासागर तलाव मनातून हलायला तयार नाही. बाराव्या शतकात चौहान राजा अर्णोराज, म्हणजेच आनाजी, याने बांध घालून हे पाणी अडवले. पुढे जहांगीरने काठावर दौलतबाग लावली आणि 1637 मध्ये शाहजहानने त्या जुन्या बांधावरच संगमरवराच्या पाच बारादऱ्या उभारल्या. चौफेर मोकळे खांब, सपाट छत आणि बाहेर झेपावणारे छज्जे एवढाच त्यांचा थाट, पण ऊन कलल्यावर पाण्यावरचा उजेड छताच्या आतल्या बाजूवर हलू लागतो, तेव्हा भिंती का ठेवल्या नाहीत हे कोणी सांगावे लागत नाही.

इंग्रजांनी मात्र याच मोकळ्या खांबांमध्ये भिंती घातल्या, तेथे कचेऱ्या आणि साहेबांची निवासस्थाने थाटली. लॉर्ड कर्झनच्या काळात त्या भिंती निघून बारादऱ्यांना त्यांचे मूळ रूप परत मिळाले, आणि आज त्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. मला वाटते, या वास्तूची खरी दुरुस्ती म्हणजे नवे काही जोडणे नव्हे, आड येणारे दूर करणे.

अजमेरमध्ये आज याच गोष्टीची चर्चा आहे. तलावाच्या दुसऱ्या काठाला, पाणथळ जमिनीवर, जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींचे उद्यान उभारले गेले होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2023 मध्ये ही बांधकामे काढण्याचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2025 मध्ये त्या प्रतिकृती पाडल्या गेल्या. त्यांत ताजमहालही होता. खुद्द शाहजहानची वास्तू त्याच पाण्याकाठी पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ उभी असताना तिच्या तलावाची जमीन ताजच्या नकलेसाठी भरली जावी, याचे मला अतिशय दुःख झाले. परंतु या निमित्ताने लोकांचे लक्ष पुन्हा तलावाकडे वळले, हे मी मोठे भाग्य समजतो. सांडपाणी, जलपर्णी आणि काठावरची अतिक्रमणे हे विषय बारादरीपासून वेगळे काढता येणार नाहीत, कारण संगमरवर कितीही घासून लख्ख केला तरी समोरच्या पाण्याला दुर्गंधी येत असेल तर तेथे क्षणभरही बसवणार नाही, आणि ती वास्तू तर बसण्यासाठीच बांधलेली आहे.

आपल्यालाही हे ठिकाण परके नाही. नागोरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे मारले गेले, त्यानंतर अजमेर शिंद्यांकडे आले आणि मधला काही काळ वगळता 1818 पर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिले. आपल्या सुभेदारांनी या बारादरीत बैठका केल्या असतील का, तेव्हा तिची निगा कोण राखत असे, हा प्रश्न परतीच्या प्रवासात मला सारखा छळत होता. तू शिंदेशाहीची कागदपत्रे इतकी वर्षे वाचतो आहेस. त्यांत बांधाच्या किंवा दौलतबागेच्या डागडुजीचा, माळ्यांच्या पगाराचा एखादा उल्लेख सापडला तर मला अवश्य कळव. फाल्गुनात मी पुन्हा जाणार आहे. तू सोबत आलास तर पुष्करला जयाप्पांच्या छत्रीपाशीही जाऊन येऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र